‘ठीके’, ‘कुठेयस’ आणि ‘आणी’ : संदेशांतले लेखन समजून घेताना

‘कुठेयस? मी पोचतेय ५ मिन्टात, तू थांब तिथंच’ हा संदेश फोनवर आला, तर तो वाचताना कोणी अडखळत नाही. हेच वाक्य शाळेच्या निबंधात आले, तर मात्र त्यातील निम्म्या शब्दांखाली लाल रेघ ओढली जाईल. वाचणारा तोच, भाषा तीच आणि अर्थही तोच असताना एके ठिकाणी हे लेखन सहज वाटते आणि दुसऱ्या ठिकाणी खटकते. संदेशांमुळे भाषेचा ऱ्हास होतो आहे, नव्या पिढीला लिहिता येत नाही, अशी तक्रार गेली वीस-पंचवीस वर्षे सतत ऐकू येते, आणि ती करणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्वतःही संदेशांत ‘ठीके’ असेच लिहितात. मीही लिहितो. या लेखनाच्या सवयी कोठून आल्या, त्यांमागे काही व्यवस्था आहे का, आणि त्यांतील कोणत्या गोष्टींची खरोखर काळजी करावी, हे नीट पाहिले, तर या वादातला बराच गुंता सुटू शकतो.

‘शुद्ध’ कशाला म्हणायचे?

आधी एक शब्द स्पष्ट करून घेऊ. ज्याला आपण रोजच्या बोलण्यात शुद्धलेखन म्हणतो, त्याला भाषेचे अभ्यासक प्रमाणलेखन म्हणतात. एखादा शब्द अनेक प्रकारे लिहिणे शक्य असताना त्यांपैकी एक प्रकार सर्वांनी सार्वजनिक लेखनात वापरावा असे ठरवणे, म्हणजे प्रमाणलेखन. वजनमापासारखेच हे आहे. किलोग्रॅमच का, याला निसर्गात उत्तर नाही. सर्वांचे माप एक असले की व्यवहार सोपा होतो, एवढेच त्यामागचे कारण आहे.

मराठीपुरते बोलायचे, तर हे माप फार जुने नाही. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्यापूर्वी ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ असे अनुस्वार देऊन लिहिणे हेच बरोबर मानले जात होते आणि ‘कवि’, ‘मति’ असे शब्द ऱ्हस्व लिहिले जात होते. ज्या अनुस्वारांचा उच्चार होत नाही ते गाळावेत आणि शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार सामान्यतः दीर्घ लिहावेत असे ठरले, आणि जे काल बरोबर होते ते आज चुकीचे झाले. म्हणजे लेखनाचा नियम हा एक करार आहे आणि करार बदलता येतो. मात्र तो बदलेपर्यंत पाळायचा असतो, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि तिच्याकडे पुढे यावे लागेल.

१६० अक्षरांची चौकट

संदेशांतील तोडक्या लेखनाचा उगम बहुतेक वेळा जागेच्या टंचाईत शोधला जातो, आणि सुरुवातीच्या काळापुरते ते योग्यही आहे. १९८५ मध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे जर्मन अभियंते बॉन येथे टंकलेखन यंत्रावर मनात येतील ती वाक्ये आणि प्रश्न टंकित करून त्यांतील अक्षरे, चिन्हे आणि मोकळ्या जागा मोजत बसले होते. जवळजवळ प्रत्येक मजकूर १६० च्या आत बसतो असे त्यांच्या लक्षात आले. पोस्टकार्डांवरील मजकूरही अनेकदा १५० पेक्षा कमी अक्षरांचा असतो, या निरीक्षणाने त्यांची खात्री पटली. पुढे ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पापवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनचे रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छांचे दोन शब्द पाठवले आणि एसएमएसचे युग सुरू झाले.

१६० हा आकडा केवळ सोयीचा नव्हता. फोन आणि मनोरा यांच्यामध्ये यंत्रणेच्या सूचनांसाठी जी अरुंद वाट राखलेली असते, तिच्यातूनच हे संदेश नेले जात, आणि तिथे एका संदेशाला १४० बाइट, म्हणजे ११२० बिट एवढीच जागा मिळत असे. बिट म्हणजे संगणकीय माहितीचा सर्वांत लहान कण. इंग्रजीचे एक अक्षर ७ बिटांत मावते, म्हणून ११२० भागिले ७ हे १६० होतात. देवनागरी अक्षरांसाठी मात्र प्रत्येकी १६ बिटांची पद्धत वापरावी लागते, आणि मग उरतात फक्त ७०.

या ७० चा खरा अर्थ समजण्यासाठी आणखी एक तपशील लागतो. संगणकाच्या दृष्टीने देवनागरीत मूळ अक्षर, त्याची मात्रा आणि जोडाक्षरासाठी लागणारे हलन्ताचे चिन्ह हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण यंत्र त्यात सहा घटक मोजते. ‘क्षमस्व’ या तीन अक्षरी शब्दाचे सात होतात. दोन ओळी मनापासून लिहायला घेतल्या, की संदेश तुटून दोन व्हायचा आणि पैसेही दोहोंचे लागायचे. अनेक मराठी माणसे त्या काळात रोमन अक्षरांकडे वळली, त्याला फोनमध्ये देवनागरी कळफलक नसणे हे एक कारण होतेच, आणि हे गणितही त्याला हातभार लावत होते.

शिवाय बारा कळांच्या फोनवर लिहिणे हे अंगमेहनतीचे काम होते. इंग्रजी ‘एस’ उमटवण्यासाठी ७ ची कळ चार वेळा दाबावी लागे. अशा वेळी ‘ग्रेट’ या शब्दातली शेवटची तीन अक्षरे गाळून तिथे ८ हा आकडा ठेवणे, कारण इंग्रजीत त्या आकड्याचा उच्चार जवळपास तसाच होतो, ही कल्पकतेने केलेली काटकसर होती.

जागा वाढली, मग सवय का राहिली?

आज अक्षरांची मर्यादा जवळजवळ उरलेली नाही, पूर्ण कळफलक आहे, शब्द सुचवणारी यंत्रणा आहे, बोलून लिहिण्याची सोय आहे. टंचाई हेच एकमेव कारण असते, तर हे लेखन एव्हाना नाहीसे व्हायला हवे होते. आकड्यांनी शब्द लिहिण्याची पद्धत खरोखरच बरीच मागे पडली. पण ‘ठीके’, ‘करतोय’, ‘माहितीये’, ‘होऽऽ’ हे सारे टिकले आणि वाढले. याचा अर्थ त्यांच्यामागचे कारण वेगळे असले पाहिजे.

ते कारण असे, की मानवी इतिहासात लेखन हे बहुतांश काळ दूरच्या किंवा नंतरच्या वाचकासाठी होते. पत्र, बखर, करारनामा, ग्रंथ यांपैकी काहीही घेतले, तरी लिहिणारा आणि वाचणारा एका क्षणी समोरासमोर नसत. बोलणे मात्र तत्क्षणी होते, उलट उत्तर लगेच मिळते, आणि अर्थाचा मोठा भाग आवाजाच्या चढउतारात, थांबण्यात, चेहऱ्यावर असतो. संदेश हे पहिले असे लेखन आहे, की जे कोट्यवधी माणसे बोलण्यासारखे वापरतात. माध्यम लेखनाचे आणि काम गप्पांचे, अशी ही गाठ आहे. गप्पांमध्ये जे आवाज करतो, ते इथे अक्षरांना करावे लागते, आणि प्रमाणलेखनात त्यासाठी जवळजवळ काहीच साधने नाहीत, कारण ते त्या कामासाठी घडलेलेच नव्हते.

कानाने लिहिणे

‘ठीक आहे’ असे पूर्ण उच्चारून कोणीही गप्पा मारत नाही. तोंडातून निघते ते ‘ठीके’. ‘कुठे आहेस’चे ‘कुठेयस’ होते, ‘करतो आहे’चे ‘करतोय’, ‘झाले आहे’चे ‘झालंय’, ‘माहिती आहे’चे ‘माहितीये’, ‘म्हणजे’चे ‘म्हंजे’, ‘कळलं’चे ‘कळ्ळं’. हे शब्द वाटेल तसे मोडलेले नाहीत. ‘आहे’ हे क्रियापद वाक्यात दुय्यम काम करते, तेव्हा त्यातला ‘ह’ गळतो आणि उरलेला स्वर आधीच्या शब्दाला चिकटतो; मागे स्वर आला की मध्ये ‘य’ उमटतो. म्हणूनच ‘करतो’ला ‘करतोय’ होते आणि ‘ठीक’ला व्यंजन शेवटी ऐकू येत असल्याने थेट ‘ठीके’ होते. ‘कळ्ळं’मध्ये ‘ल’ हा शेजारच्या ‘ळ’सारखा होतो. मराठी मातृभाषा असलेल्या माणसाला हे नियम कोणी शिकवलेले नसतात, तरी तो ते अचूक पाळतो, आणि परभाषक माणूस नेमका इथेच चुकतो. संदेश लिहिणारा हाताने फक्त कानाची आज्ञा पाळत असतो.

आणि याला नियमावलीचाही विरोध नाही. कथा-कादंबरीत पात्राच्या तोंडी वाक्ये घालायची असतील, तर ती बोलण्यातल्या भाषेप्रमाणे लिहावीत, ‘असे केले’ऐवजी ‘असं केलं’ असा अनुस्वार तिथे चालतो, अशी मोकळीक महामंडळाच्या नियमांतच आहे. नियम करणाऱ्यांना हे ठाऊक होते, की छापील पानावरही माणसे बोलतात आणि बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी निबंधाची भाषा घातली, तर ती खोटी वाटते. संदेशात लिहिणारी व्यक्ती स्वतःच ते पात्र असते. माझ्या मते या साऱ्या वादातला सर्वांत उपयोगी मुद्दा हाच आहे: संदेशाची तुलना निबंधाशी न करता संवादाशी केली, की त्यातल्या बहुतेक ‘चुका’ चुका राहतच नाहीत.

लांबवलेला स्वर, गाळलेला पूर्णविराम

आता पुढची पायरी पाहू. ‘नाही’, ‘नाहीऽऽऽ’, ‘नाही नाही’, ‘नाय’ आणि ‘नाही.’ ही पाच उत्तरे अर्थाने एकच आहेत, पण ज्याला ती येतात त्याला पाच वेगळे चेहरे दिसतात. पहिले साधे. दुसऱ्यात लाड किंवा कळवळा आहे. तिसरे आश्वासन देते. चौथ्यात जवळीक किंवा थट्टा आहे. आणि पाचव्यात, केवळ त्या एका पूर्णविरामामुळे, दार लावून घेतल्याचा भास होतो.

हा भास काल्पनिक नाही. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. त्यांतील एका शब्दाच्या उत्तराला कधी पूर्णविराम होता, कधी नव्हता. मोबाइल संदेशाच्या रूपात दाखवलेले पूर्णविरामयुक्त उत्तर वाचकांना कमी मनापासूनचे वाटले; तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवल्यावर मात्र हा फरक दिसला नाही. संदेशात वाक्य संपल्याची खूण म्हणून पूर्णविरामाची गरजच नसते, कारण संदेश तिथेच संपतो. गरज नसलेले चिन्ह मुद्दाम ठेवले, की वाचणारा त्यामागे हेतू शोधतो. हा अभ्यास इंग्रजीतला आहे, पण एखाद्या मोठ्या माणसाने सवयीने लिहिलेले ‘बरं.’ वाचून ‘तुम्ही रागावलात का?’ असे विचारणारा तरुण जवळजवळ प्रत्येक घरात सापडतो. यात दोघांपैकी कोणीही अडाणी नाही. एकाने लेखनाचा नियम पाळला आणि दुसऱ्याने संवादाचा नियम लावून वाचले.

संस्कृत व्याकरणातून आलेले अवग्रहाचे चिन्ह, म्हणजे ‘ऽ’, आपण मराठीत लांबलेला स्वर दाखवण्यासाठी वापरतो, आणि ‘अरेऽऽ’ हे छापील कथांतही पूर्वीपासून दिसते. ज्यांना कळफलकावर ते सापडत नाही, ते ‘खूपपपप’ असे शेवटचे अक्षर वाढवतात. खरे पाहता ‘प’ लांबवून उच्चारताच येत नाही. पण वाचणाऱ्याला ‘खू’ लांबलेला ऐकू येतो, कारण हा संकेत आता सर्वांच्या ओळखीचा झाला आहे.

रोमन अक्षरांतली मराठी

मराठी रोमन लिपीत लिहिण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. तिथे ‘आहे’ हा शब्द कोणी तीन अक्षरांत लिहितो, कोणी सुरुवातीचा ‘ए’ दोनदा घालून चार अक्षरांत, आणि दोन्ही लेखने लोक न अडखळता वाचतात. पण रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट यांच्यासाठी वेगळी अक्षरे नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घ अ दाखवण्याची एकच ठरलेली रीतही नाही. ‘के-ए-एल’ ही तीन अक्षरे काल, काळ, कळ किंवा कल यांपैकी काहीही असू शकतात. ‘एम-ए-एल-ए’ म्हणजे मला, माला, माळा की मळा, हे फक्त वाक्य सांगू शकते.

तरीही गोंधळ क्वचितच होतो, आणि त्याचे कारण समजण्यासाठी देवनागरीकडेच पाहावे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा या दोन शब्दांतील ‘ज’चा उच्चार वेगवेगळा आहे, पण लिहिताना आपण तो फरक दाखवत नाही. ‘चार’ हा आकडा आणि गुरांचा ‘चारा’ यांतील ‘च’ही असाच वेगळा आहे. आजवर कोणाचे त्यावाचून अडले नाही. प्रत्येक लिपी थोडेसे लिहिते आणि उरलेले वाचकाच्या ज्ञानावर सोडते. रोमन मराठी हे सोडणे फार मोठ्या प्रमाणावर करते, इतकाच फरक. म्हणून ती ओळखीच्या माणसांत चालते, आणि भाषा शिकू पाहणाऱ्या नवख्या माणसाला मात्र तिचा उलगडा होत नाही. देवनागरी कळफलक आता प्रत्येक फोनमध्ये मिळत असताना तिच्याकडे वळावे असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण शुद्धतेचा आग्रह हे नाही. आपल्या भाषेतले ळ आणि ण रोज डोळ्यांसमोर राहावेत, एवढीच त्यामागची ओढ आहे.

मग ‘आणी’ आणि ‘कि’ यांचे काय?

इथवर वाचून कोणी म्हणेल, की हे तर सगळ्याच चुकांचे समर्थन झाले. तसे नाही, आणि त्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील, ज्या या चर्चेत नेहमी एकत्र होतात.

पहिली आहे बोटाची चूक. घाईत शेजारची कळ दाबली गेली किंवा यंत्राने सुचवलेला भलताच शब्द निवडला गेला. ती लिहिणाऱ्यालाही दिसते, आणि तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

दुसरी आहे निवड. ‘ठीके’ लिहिणाऱ्याला ‘ठीक आहे’ माहीत असते. त्याला प्रसंग बदलला की लेखन बदलता येते.

तिसरी गोष्ट म्हणजे नियमच ठाऊक नसणे. ‘आणि’ ऱ्हस्व आणि ‘की’ दीर्घ, हे ज्याला माहीत नाही, तो ‘आणी’ आणि ‘कि’ संदेशातही लिहितो, अर्जातही लिहितो आणि वृत्तपत्राला पाठवलेल्या पत्रातही लिहितो. प्रसंग बदलला तरी लेखन बदलत नाही, ही या प्रकाराची खूण आहे. पण इथेही थोडे थांबून विचार करावा. शब्दाच्या शेवटी आलेला इकार मराठी माणूस लांबच उच्चारतो, म्हणूनच तो दीर्घ लिहावा असा नियम झाला, आणि ‘आणि’ हा त्या नियमाचा अपवाद आहे. ‘आणी’ लिहिणारा माणूस मूळ नियम तर्काने लावतो आणि अपवादाला अडखळतो. ‘फूल’ दीर्घ पण ‘फुले’ ऱ्हस्व, ‘वीज’ पण ‘विजेचा’, हे कानाला पटते. ‘गुण’, ‘विष’ यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र मूळ रूप सांभाळतात आणि ते पाठच करावे लागतात. ही चूक संदेशांनी निर्माण केलेली नाही. फोन येण्यापूर्वीच्या उत्तरपत्रिकांतही ती भरपूर होती. फरक एवढाच, की पूर्वी सामान्य माणसाचे लेखन चार लोकांपलीकडे जात नसे आणि आता ते शेकडो लोकांना रोज दिसते.

याखेरीज एक चौथा प्रकार आहे, आणि त्याबद्दल बोलताना मला जास्त काळजी घ्यावीशी वाटते. ‘पन’, ‘म्हनून’, ‘पानी’ असे लिहिणारी पुष्कळ माणसे आपल्या घरातली बोली लिहीत असतात. त्यांच्या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’च आहे, आणि ती बोली कित्येक पिढ्यांची आहे. अशा माणसाला प्रमाणलेखन शिकण्याची संधी मिळायलाच हवी, कारण परीक्षा आणि नोकरी यांची दारे त्याच मापाने उघडतात. पण घरच्या गटात पाठवलेल्या त्याच्या संदेशाला ‘अशुद्ध’ म्हणून हसणे म्हणजे त्याच्या आजीच्या बोलण्याला हसणे आहे. अशा हसण्याने कोणी ‘ण’ शिकत नाही. तो त्या गटात लिहिणे थांबवतो. ‘शुद्धलेखन’ हा शब्द मला म्हणूनच अडचणीचा वाटतो, कारण त्यातून उरलेले सारे मलिन असल्याचे आपोआप सुचवले जाते.

मुलांचे लेखन बिघडत नाही का?

पालकांची सर्वांत मोठी शंका हीच असते, आणि सुदैवाने तिच्यावर प्रत्यक्ष अभ्यास झालेले आहेत. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री विद्यापीठात बेव्हर्ली प्लेस्टर आणि क्लेअर वुड यांनी सहकाऱ्यांसह १० ते १२ वर्षांच्या ८८ मुलांचा अभ्यास केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या संदेशांत अशा तोडक्या, उच्चारानुसारी शब्दांचे प्रमाण जास्त होते, त्यांची शब्दवाचनाची क्षमता कमी न दिसता उलट चांगली दिसली. यावरून तोडके लिहिल्याने मूल हुशार होते असा निष्कर्ष काढू नये. दोन गोष्टी एकत्र दिसणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांत अंतर असते. पण कारण तर्काला पटणारे आहे. शब्द त्याच्या ध्वनींत फोडून वेगळ्या रीतीने मांडायचा, तर त्या ध्वनींची जाण आधी असावी लागते, आणि वाचनाचा पायाही तीच जाण आहे.

शिवाय या सवयींचे प्रमाण आपल्याला वाटते त्याहून बरेच कमी असते. टोरंटोमध्ये सालि टॅग्लियामाँटे आणि डेरेक डेनिस यांनी किशोरवयीन मुलांच्या संगणकीय गप्पांतील १० लाखांहून अधिक शब्द तपासले. त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ‘गप्पांची खास भाषा’ म्हणता येईल असे शब्द ३ टक्क्यांहूनही कमी निघाले. खटकलेला एक शब्द लक्षात राहतो आणि न खटकलेले तीस विसरले जातात, म्हणून प्रमाण फुगून दिसते.

हे सगळे अभ्यास इंग्रजीवरचे आहेत, हे विसरून चालणार नाही. मराठी मुलापुढे आणखी एक अडचण असते: अनेक मुले देवनागरीत फक्त शाळेच्या वहीत लिहितात आणि बाकीचा दिवस रोमन लिपीत किंवा इंग्रजीत जातो. अशा मुलाचे मराठी लेखन कच्चे राहिले, तर तो दोष संदेशांत तोडके लिहिण्याचा म्हणता येणार नाही. मराठी वाचायला आणि लिहायला पुरेसे न मिळण्याचा तो परिणाम आहे, आणि त्यावरचा उपायही तिथेच आहे.

पूर्वीचे लोक असे लिहीत नव्हते?

लिहीत होते, आणि पुष्कळ लिहीत होते. पत्राच्या सुरुवातीला ‘सा. न. वि. वि.’ लिहिले, की ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढा मजकूर पोहोचत असे. धाकट्यांना ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. ‘ती.’, ‘चि.’, ‘ता. क.’ हे तर आजही अनेकांना ठाऊक आहेत. ठरावीक शिष्टाचार थोड्या खुणांत उरकायचा आणि हात मुख्य मजकुराकडे वळवायचा, ही गरज तेव्हाही होती.

त्याहून मोठे उदाहरण मोडी लिपीचे आहे. हात न उचलता भरभर लिहिता यावे म्हणून ती वापरली जाई. नेहमीच्या मोडी लेखनात ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नसे, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीतील दफ्तरे, हिशेब आणि पत्रव्यवहार तिच्यातून चालत होते. म्हणजे आज ज्या ऱ्हस्व-दीर्घावरून एवढे वाद होतात, त्याच्यावाचून राज्यांचा कारभार झाला. इंग्रजीतही असेच दिसते. तरुणांच्या नावावर खपणारे ‘ओएमजी’ हे संक्षिप्त रूप ब्रिटिश नौदलाचे अॅडमिरल जॉन फिशर यांनी ९ सप्टेंबर १९१७ रोजी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळते, आणि तेव्हा फिशर ७६ वर्षांचे होते.

मग नियम तरी कशाला हवेत?

हा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तोही गंभीरपणे घ्यायला हवा. अर्थ पोहोचला की झाले, असे म्हणणारा एक गोष्ट विसरतो: संदेशात अर्थ पोहोचतो, तो दोघांमधील ओळखीच्या बळावर. ‘पाणि’ म्हणजे हात आणि ‘पाणी’ म्हणजे जल, ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘शिर’ म्हणजे मस्तक आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. मित्राच्या संदेशात यांपैकी कोणताही शब्द कसाही लिहिला, तरी बिघडत नाही. पण औषधाच्या सूचनेत, करारात, पाठ्यपुस्तकात किंवा पन्नास वर्षांनंतरच्या वाचकासाठी लिहिताना ती ओळख सोबत नसते. ‘बोललो होतो ना त्या दिवशी, तेच’ हे वाक्य समोरच्याला पुरते आणि तिसऱ्याला काहीच सांगत नाही. सैल लेखनाचेही तसेच आहे. वाचक जितका अनोळखी, तितकी मापाची गरज जास्त.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही आणि ज्यांचा फोन त्यांना मजकूर वाचून दाखवतो, त्यांचा विचारही इथे करायला हवा. वाचून दाखवणारी यंत्रणा लिहिलेल्या अक्षरांप्रमाणे बोलते. ‘खूपपपप’ किंवा आकडे मिसळलेला शब्द आला, की तिचा उच्चार विचित्र होतो, आणि रोमन अक्षरांतली मराठी तर ती इंग्रजी समजून वाचू लागते. मोठ्या गटाला सूचना पाठवताना ती पूर्ण शब्दांत आणि देवनागरीत लिहिण्याचे हे एक साधे, माणुसकीचे कारण आहे. जुना संदेश शोधतानाही हाच अनुभव येतो, कारण आपण ‘पोचलो’ शोधतो आणि समोरच्याने ‘पोहोचलो’ लिहिलेले असते.

फोनच्या कळफलकाबद्दल एक सूचना मात्र आवर्जून करतो. शब्द सुचवणारी यंत्रणा आपल्याच लेखनावरून शिकत जाते. ‘आणी’ हा शब्द पाच-दहा वेळा स्वीकारला, की पुढे तीच तो सुचवू लागते, आणि मग अर्ज लिहितानाही तोच पुढे येतो. मूळ संदेशात जी नजरचूक होती, ती अशा रीतीने हातात मुरते. बहुतेक फोनांत सुचवलेल्या शब्दावर बोट दाबून धरले, की तो काढून टाकण्याचा पर्याय येतो. मी अलीकडे आठवड्यातून एकदा तेवढे काम करतो. ‘आणी’ आणि ‘कि’ काढून टाकतो, आणि ‘ठीके’ला हात लावत नाही.